पीपीएलच्या विद्यार्थ्याला जोखीम ओळखायला कसं शिकवावं: ठाणे-नवी मुंबईच्या ग्राउंड क्लासपासून सोलोपर्यंत

ठाण्यात किंवा वाशीत राहून प्रायव्हेट पायलट लायसन्सचा अभ्यास करणाऱ्या मुलांचं शिक्षण दोन ठिकाणी विभागलेलं असतं. शनिवार-रविवारी इथे ग्राउंड क्लास, आणि उड्डाण बारामतीला, धुळ्याला, जळगावला. जोखीम व्यवस्थापन नेमकं या दोहोंच्या मधे हरवतं. इथे त्याच्या व्याख्या पाठ होतात; तिकडे पोचल्यावर आज उडायचं की नाही, कुठून परतायचं, हे इन्स्ट्रक्टर ठरवतो. लायसन्ससाठी लागणारे किमान ४० तास पूर्ण होतात, लँडिंग नीट जमतं, पण सकाळी धावपट्टीशेजारी उभं राहून 'आज नको' हा निर्णय विद्यार्थ्याने एकदाही स्वतः घेतलेला नसतो.

खालची सगळी पद्धत दोन गोष्टींवर उभी आहे. निर्णय विद्यार्थ्याने घ्यायचा. आणि ज्या आकड्यावर तो निर्णय घ्यायचा, तो आदल्या दिवशी, जमिनीवर, डोकं शांत असताना लिहून ठेवायचा.

धोका वेगळा, जोखीम वेगळी

मराठीत हे दोन शब्द आयते आहेत, त्यांचा उपयोग करा. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर पाण्याखाली लपलेला खड्डा हा धोका. त्यावरून रात्री, ७० च्या वेगाने, मागे कुणाला तरी बसवून स्कूटर नेली तर जे अंगावर येतं ती जोखीम. खड्डा तुम्ही बुजवू शकत नाही. वेग, वेळ आणि रस्ता बदलू शकता. विमानातही वारा, उष्णता, धुरकं हे धोके हाताबाहेरचे असतात. त्यांच्यासमोर किती उघडं पडायचं, हे मात्र हातात असतं.

हे समजलं की कोऱ्या कागदाचे चार भाग करायला सांगा: वैमानिक, विमान, वातावरण, बाहेरचा दबाव. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने रूढ केलेली ही 'पेव्ह' चौकट जगभर वापरतात. प्रत्येक भागात आजचा एकच, सगळ्यात मोठा धोका लिहायचा, आणि त्याच्यापुढे 'म्हणून मी काय करणार' हे एका वाक्यात. 'काळजी घेणार' हे उत्तर मान्य करू नका. 'क्रॉसविंड ८ नॉटच्या वर गेला तर सर्किट थांबवून उतरणार' हे उत्तर. (क्रॉसविंड म्हणजे धावपट्टीला आडवा वारा, सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी.)

शक्यता आणि परिणाम यांचा लाल-पिवळा-हिरवा तक्ता बऱ्याच ठिकाणी भरून घेतात. पहिल्या दोन तासांपुरता तो ठीक आहे. पुढे मुलं आधी उडायचं ठरवतात आणि मग रंग जुळवतात. तसं होताना दिसलं की तक्ता बाजूला ठेवा आणि आकड्यांवर या.

गच्चीवरचा हवामानाचा वर्ग

दृश्यमानता हा शब्द पुस्तकातून शिकवून उपयोग नाही. ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्याला यासाठी फार चांगली सोय आहे, कारण इथे आजूबाजूला डोंगर आहेत. विद्यार्थ्याला घराच्या गच्चीवरून किंवा जिन्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या चार खुणा निवडायला सांगा: एक २ किलोमीटरच्या आसपास, एक ५, एक १०, एक त्याहून लांब. घर कुठे आहे त्यानुसार येऊरचे डोंगर, पारसिकची रांग, खारघरची टेकडी, मलंगगड, प्रबळगड, माथेरानचं पठार यांतलं काहीतरी सापडतंच. अंतर अंदाजाने नाही, नकाशावर मोजून लिहायचं.

मग सलग २१ दिवस, सकाळी ७ वाजता, वहीत तीन नोंदी: कुठली खूण स्पष्ट दिसते, कुठली नुसती सावलीसारखी दिसते, कुठली दिसतच नाही. त्याखाली स्वतःचा अंदाज किलोमीटरमध्ये. त्यानंतरच सांताक्रूझ विमानतळाचा त्या वेळचा मेटार, म्हणजे हवामानाचा अहवाल, उघडून त्यातला आकडा शेजारी लिहायचा. क्रम उलटला तर डोळा शिकत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारीत हा सराव सगळ्यात उपयोगी. धुरकं असतं, आकाश वर निळं दिसतं, आणि विद्यार्थी 'हवा स्वच्छ आहे' म्हणतो. मेटार ३,००० मीटर सांगत असतो. व्हीएफआर, म्हणजे बाहेर पाहून करायच्या, उड्डाणासाठी १०,००० फुटांखाली ५ किलोमीटर दृश्यमानता, ढगापासून आडवं १,५०० मीटर आणि उभं १,००० फूट अंतर लागतं. ५ किलोमीटरची टेकडी डोळ्यांसमोरून गायब झालेली पाहिली की हा नियम पाठ करावा लागत नाही.

दोन गोष्टी इथेच सांगा. मेटारचा आकडा जमिनीवरचा असतो. धुरक्यात वरून खाली तिरकं पाहताना, त्यातून सूर्य समोर असताना, त्याहून कमी दिसतं. दुसरी, सांताक्रूझची हवा म्हणजे बारामतीची हवा नव्हे. हा डोळ्याचा सराव आहे, तिकडच्या उड्डाणाचा अंदाज नव्हे.

पावसाळ्यात याच वहीत क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात लावायचा हवेचा दाब, लिहून घ्या. मुंबईत जुलैमध्ये तो १,००४ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, जानेवारीत १,०१४ च्या. एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट धरले तर जुना आकडा तसाच राहिल्याची चूक सुमारे ३०० फुटांची. सर्किटची उंचीच १,००० फूट असताना ३०० फूट म्हणजे किती, हे मुलांना स्वतः काढू द्या.

मर्यादांचं कार्ड

पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणाच्या, किमान आठवडाभर आधी प्रत्येकाने स्वतःचं कार्ड लिहायचं. पोस्टकार्डाएवढं, शाईने. नवख्या सोलो विद्यार्थ्यासाठी सुरुवातीचे आकडे असे ठेवा:

- एकूण वारा १० नॉटपर्यंत, झोत धरून
- क्रॉसविंड ५ नॉटपर्यंत
- दृश्यमानता ८ किलोमीटर किंवा जास्त
- ढगांचा तळ जमिनीपासून २,५०० फूट किंवा जास्त
- इंधन: ठरलेल्या उड्डाणापेक्षा एक तास जास्त
- आदल्या रात्रीची झोप ७ तास
- शेवटच्या ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतच्या) उड्डाणाला ७ दिवसांपेक्षा जास्त झालेले नाहीत

सेसना १५२ च्या पुस्तकात १२ नॉट क्रॉसविंड दाखवलेला असतो. तो अनुभवी वैमानिकाने चाचणीत दाखवलेला आकडा आहे, दहा तास झालेल्या मुलाचा नव्हे. हा फरक स्पष्ट सांगितला नाही तर 'पुस्तकात बारा आहे, आपण दहापर्यंत जाऊ' असा हिशोब सुरू होतो.

कार्डाइतकाच ते बदलण्याचा नियम महत्त्वाचा. मर्यादा कडक करायची तर कधीही, विमानात बसल्यावरसुद्धा. सैल करायची तर फक्त आदल्या दिवशी, एका वेळी एकच आकडा, इन्स्ट्रक्टरशी बोलून आणि दोघांच्या सहीने. उड्डाणाच्या दिवशी सैल करायची नाही, मग वारा ११ नॉट असला तरी. एका नॉटने विमान पडत नाही हे खरंच आहे. पण आज ११ चालला तर उद्या १३ ला नकार द्यायला विद्यार्थ्याकडे काहीच उरत नाही.

वैमानिक नावाचा सुटा भाग

आजार, औषधं, ताण, मद्य, थकवा, खाणं-पिणं यांची यादी सगळ्यांना पाठ असते. विचारलं की 'ओके सर' येतं. म्हणून हो-नाहीचे प्रश्न विचारू नका, आकडा मागा. किती वाजता झोपलास? किती वाजता उठलास? शेवटचं काय खाल्लंस, किती वाजता? सकाळपासून पाणी किती?

इथल्या मुलांच्या बाबतीत नेहमी सापडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पहाटे तीनला ठाण्याहून निघून, पाच-सहा तास गाडीत बसून बारामती गाठायची आणि दहाच्या स्लॉटला उडायचं: झोप तीन तास. अशा दिवशी फक्त ग्राउंडचं काम द्या. नवरात्रात, श्रावणी सोमवारी, एकादशीला उपास असतो आणि तो सांगायला मुलं संकोचतात. उपासाला नाव ठेवू नका. वेळ बदला, निर्जळी असेल तर उड्डाण दुसऱ्या दिवशी. एप्रिलमध्ये ४० अंशांत, बंद कॉकपिटमध्ये, पाण्याशिवाय एक तास काढला की सगळ्यात आधी लक्ष ढळतं, आणि ते ज्याचं ढळतं त्याला कळत नाही.

सर्दीवर घरातली सेट्रिझिन घेऊन येणारे बरेच. झोप येत नाही म्हणतात, पण प्रतिसाद मंद होतो. शिवाय सर्दी असताना खाली उतरताना कान-सायनसचं दुखणं वेगळंच. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त वैद्यकीय परीक्षकाला विचारल्याशिवाय औषध घेऊन उडायचं नाही. मद्यासाठी नियम १२ तासांचा आहे, पण १२ तासांनंतरही डोकं जड असेल तर तेही कार्डाबाहेरच.

बाहेरचा दबाव या भागात मुलं बहुतेक वेळा 'काही नाही' लिहितात. खरं तर तिथेच सगळ्यात जास्त असतं. कर्जाचा हप्ता, तासाचे पैसे, लॉजचं भाडं, सोमवारी कॉलेज, बरोबरच्याचा सोलो झाला माझा नाही, आई-बाबा पाहायला आलेत. यातलं किमान एक लिहिल्याशिवाय कागद पूर्ण धरू नका.

कागदावर विमान जड करून दाखवा

ग्राउंड क्लासमधलं हे गणित जोखमीचं उत्तम उदाहरण आहे, कारण ते कोणालाच खरं वाटत नाही. सेसना १५२ चं कमाल उड्डाण वजन ७५७ किलो. रेडिओ वगैरे धरून रिकामं विमान ५२० किलोचं धरा. प्रत्यक्षात त्याच विमानाच्या वजनपत्रातला आकडा घ्यायचा. इन्स्ट्रक्टर ८५, विद्यार्थी ८०. वापरण्याजोगं पूर्ण इंधन साधारण ९३ लिटर, ०.७२ ने गुणलं की ६७ किलो. बेरीज ७५२. आता मागे ८ किलोची बॅग ठेवा: ७६०. तीन किलो जास्त. दोन मध्यम बांध्याची माणसं आणि एक बॅग, एवढ्यावरच विमान मर्यादेबाहेर.

विद्यार्थ्याने लगेच 'तीन किलोनं काय होतंय' म्हणावं, अशी वाट पाहा. मग दुसरं गणित द्या. धावपट्टी २,००० फुटांवर, दुपारी तापमान ४०. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश, फरक २९, गुणिले १२०: ३,४८०. म्हणजे घनता-उंची सुमारे ५,५०० फूट. विमान जमिनीवर उभं आहे, पण इंजिन आणि पंख साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखे वागणार. त्याच विमानाच्या पुस्तकातून समुद्रसपाटीचं आणि या स्थितीचं टेकऑफ अंतर एकाखाली एक लिहायला लावा, आणि दुसऱ्या आकड्यात निम्मा आणखी मिळवा. पुस्तकातले आकडे नव्या इंजिनाचे आणि मुरलेल्या हाताचे असतात. आता बॅग खाली ठेवायची की इंधन कमी घ्यायचं, की सकाळी सात वाजता उडायचं, हे तोच ठरवेल.

इंधनाची तपासणी शिकवताना एक फसवी जागा दाखवा. टाकीतून काढलेल्या नमुन्यात तळाशी पाणी दिसलं तर सगळे ओळखतात. पण अख्खा नमुनाच पाण्याचा असेल तर मधे रेषा दिसत नाही, आणि स्वच्छ म्हणून तो पास होतो. अव्हगॅस १०० एलएल निळसर असतं. नमुना पांढऱ्या कागदासमोर धरायचा, रंग बघायचा, वास घ्यायचा.

'सर म्हणाले म्हणजे बरोबरच असेल'

धोकादायक वृत्ती पाच सांगतात: नियम न जुमानणं, घाई, 'मला काही होत नाही', 'दाखवतोच', आणि 'आता काय, जे व्हायचं ते होईल'. त्या पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. विद्यार्थ्याच्या तोंडून यातलं वाक्य निघालं की तारखेसह टिपून ठेवा आणि डीब्रीफला, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेत, त्याच्याच शब्दांत वाचून दाखवा.

आपल्याकडे याहून मोठा प्रश्न आदराचा आहे. शिक्षकाला चूक दाखवायची नाही, हे घरून शिकून आलेलं मूल कॉकपिटमध्ये चुकीचा आकडा ऐकूनही गप्प बसतं. हे तोडायला मुद्दाम चुका पेरा. महिन्याच्या सुरुवातीला सांगून ठेवा की अधूनमधून मी चुकीचं बोलणार आहे. जमिनीवर क्यूएनएच दहाने चुकीचा सांगा, इंधनाची बेरीज चुकवा, बंद असलेल्या धावपट्टीचं नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) 'जुनं आहे' म्हणा. हवेत पेरायची तर जमिनीपासून ३,००० फुटांच्या वर, आणि दोन मिनिटांत पकडली गेली नाही तर स्वतःच सांगायची. टेकऑफ, सर्किट आणि लँडिंगमध्ये कधीही नाही.

बोलायचं कसं, हेही शिकवावं लागतं. तीन पायऱ्या पुरतात: 'सर, मला क्यूएनएच १,००४ ऐकू आला.' उत्तर आलं नाही तर 'सर, आपण ३०० फूट खाली असू, तपासूया.' तरीही नाही तर 'सर, मी थांबवतोय.' ही वाक्यं वर्गात मोठ्याने म्हणवून घ्या. पहिल्यांदा आवाज फुटत नाही. दहाव्यांदा फुटतो.

हवेत

एका उड्डाणात 'आत्ता असं झालं तर?' हा प्रश्न जास्तीत जास्त तीनदा. त्याहून जास्त विचारलं तर विद्यार्थी विमान सोडून तुमच्याकडे पाहायला लागतो.

इंजिन बंद पडल्याचा सराव देताना जोखीम तुमचीही आहे, आणि ती विद्यार्थ्याला दिसू द्या. थ्रॉटल मागे घ्यायचा, मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) नाही. कार्ब्युरेटर हीट आधी पूर्ण. उतरताना दर ५०० फुटांना थ्रॉटल थोडा पुढे करून इंजिन जागं आहे ना पाहायचं. जमिनीपासून ५०० फुटांवर सराव संपला, शेत कितीही छान असलं तरी. कोकणपट्टीसारख्या दमट हवेत कमी पॉवरवर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ जमतो. बाहेर ३० अंश असताना बर्फ कसला, या समजुतीतूनच सरावाचं खरं फोर्स्ड लँडिंग होतं.

फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, ३०० फुटांना एक दरवाजा ठेवा. वेग ठरवलेल्यापेक्षा १० नॉट जास्त किंवा ५ नॉट कमी, मध्यरेषेवर नाही, फ्लॅप आणि चेकलिस्ट अपूर्ण, यातलं एक जरी असलं तरी गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. धावपट्टीच्या पहिल्या एक-तृतीयांशात चाकं टेकली नाहीत तरी गो-अराउंड. हा शब्द विद्यार्थ्याने आधी उच्चारायला हवा, म्हणून तुम्ही दोन सेकंद गप्प राहायला शिका. आणि त्याने केला तर कॉकपिटमध्ये 'का केलास, जमलं असतं' असं म्हणू नका. एवढ्या एका वाक्याने पुढचे वीस गो-अराउंड मरतात.

ढग आणि धुरकं

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं दिसेनासं करून उडवलं होतं. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. ही गोष्ट सांगून घाबरवण्यापेक्षा मोजायला लावा. ठाण्यातल्या कित्येक घरांत आज कॉम्प्युटर सिम्युलेटर आहे. लँडिंगचा हात त्यावर बसत नाही, पण या कामाला तो उत्तम. दहा मिनिटांत दृश्यमानता ८ वरून ३ किलोमीटरवर हळूहळू आणा, विद्यार्थ्याला सांगू नका. तो किती किलोमीटरवर मागे वळतो, ते लिहून ठेवा. बहुतेकजण पहिल्यांदा ५ च्या खाली गेल्यावर वळतात, कारण समोरचं गाव अजून 'दिसतंय'. चार-पाच वेळा केल्यावर आकडा ६ च्या वर यायला हवा. आला नाही, तर सोलो क्रॉस-कंट्री, म्हणजे एकट्याने दुसऱ्या गावापर्यंतचं उड्डाण, नाही.

वळणं हुडखाली (बाहेरचं दिसू न देणारी टोपी घालून) प्रत्यक्ष विमानात शिकवा: ९० नॉटला सुमारे १५ अंश बँक, १८० अंश वळायला ६० सेकंद, उंची न बदलता. नजर आधी विमानाच्या कृत्रिम क्षितिजावर, हात हलका.

क्रॉस-कंट्री: वळिवाआधी परत

ब्रीफिंगला खराखुरा मार्ग घ्या. बारामती ते सोलापूर साधारण ८५ नॉटिकल मैल. खऱ्या वेगाने ९५ नॉट, वारा नसेल तर ५४ मिनिटं. परतताना समोरून १५ नॉट असेल तर ६४, २० असेल तर ६८. इंधनाला हे काहीच नाही. पण मे महिन्यात दुपारी तीननंतर वळिवाचे ढग उभे राहतात, आणि सोलापुरात चहा-नाश्त्यात गेलेला पाऊण तास परतीचं उड्डाण नेमकं त्यांच्यात नेऊन ठेवतो. गडगडाटी ढगापासून २० नॉटिकल मैल दूर राहायचं असेल तर वेळेची मर्यादा घरूनच ठरवून यायला हवी. कार्डावर लिहा: 'सोलापूरहून ११ पर्यंत निघालो नाही तर मुक्काम.' मुक्कामाचे पैसे आणि फोनचा चार्जर बॅगेत आहेत का, हे तपासा. ज्याच्याकडे राहायची सोय नाही तो परत यायला निघतोच.

मार्गावर दोन जागा आधीच नकाशावर खुणा करून ठेवायच्या, जिथे थांबून 'पुढे की मागे' असा प्रश्न मोठ्याने विचारायचा. ढग दिसल्यावर विचारायचा नव्हे. त्या जागी पोचल्यावर, आकाश निरभ्र असलं तरी.

उतरल्यावर

डीब्रीफ पंधरा मिनिटांचं, विमान बांधून झाल्यावर, फोन बाजूला ठेवून. पहिली तीन मिनिटं इन्स्ट्रक्टरने बोलायचं नाही. विद्यार्थ्याला चार प्रश्न: सकाळच्या कागदापेक्षा काय वेगळं घडलं, ते तुला कधी लक्षात आलं, आज मोकळीक सगळ्यात कमी कुठे होती, आणि तिथे पुन्हा आलास तर काय करशील. तिसऱ्या प्रश्नाला 'कुठेच नाही' असं उत्तर आलं तर त्याने पाहिलंच नाही असं समजा आणि सर्किट कागदावर काढून पुन्हा विचारा.

रद्द केलेलं उड्डाण हाही धडा म्हणून प्रशिक्षण नोंदीत लिहा: तारीख, कारण, कार्डावरचा कुठला आकडा ओलांडला, आणि दोन तासांनी हवा प्रत्यक्षात कशी होती. हवा नंतर सुधारली तरी निर्णय चुकला असं लिहायचं नाही, कारण तो त्या वेळच्या माहितीवर घेतला होता. आणि विद्यार्थ्याने हवामान किंवा तब्येतीमुळे नकार दिला तर त्या स्लॉटचे पैसे कापू नका. स्लॉट वाया जातो, इन्स्ट्रक्टरचा वेळ जातो, हे खरं आहे. तो खर्च महिन्याच्या फीमध्ये आधीच धरा, म्हणजे सकाळी साडेसहाला विंडसॉककडे पाहणाऱ्या मुलाच्या डोक्यात फक्त वारा राहील.